कुकीजच्या डब्यातलं झिजलेलं तांबं: फिलाडेल्फियाबाहेरच्या एका नाण्यांच्या दुकानाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहीत नाहीये. निम्मा रिव्ह्यू तक्रारींचा आहे आणि मालक म्हातारा माणूस आहे, स्वभावाने भला, उगाच कशाला त्याच्या नावाने बोंब मारायची. फिलाडेल्फियापासून गाडीने पाऊण तास, एका बाजूला पिझ्झावाला, दुसऱ्या बाजूला लाँड्री आणि मध्ये हे दबलेलं. बाहेरून बघाल तर बंद पडलंय असंच वाटेल, मी पहिल्यांदा दोनदा पुढे निघून गेलो होतो. आत शोकेसमध्ये नेहमीचंच, चांदीचे डॉलर, सोन्याची बिस्किटं, प्रूफ सेट, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही कारण ते मी कधी घेतलेलंच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनहून महिन्या-दीड महिन्याने मी जातो ते काउंटरखालच्या डब्यासाठी. बटर कुकीजचा निळा गोल पत्र्याचा डबा, आपल्या घरात ज्यात सुईदोरे आणि बटणं निघतात तोच. इथे त्यात झिजलेलं तांबं निघतं. १७९३ ते १८५७ या काळात फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत पाडलेले मोठे सेंट आणि अर्धे सेंट, सगळे असे घासलेले की मालकालाच शोकेसमध्ये मांडायची लाज वाटते.

मोठा सेंट हातात घेतला नसेल तर सांगतो, आजच्या पेनीशी, म्हणजे एक सेंटच्या नाण्याशी, त्याचा काही संबंध नाही, आजच्या क्वार्टरपेक्षा, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यापेक्षाही मोठा असतो तो. १७९५ च्या शेवटापर्यंतचे तर साडेतेरा ग्रॅमचे, नंतर वजन कमी करून १०.८९ ग्रॅमवर आणलं. ज्यांच्याकडे आजीच्या डब्यात कंपनी सरकारचा १८३५ चा अर्धा आणा असेल त्यांना साधारण अंदाज येईल, त्याच गावचं वजन. खिशात असे दहा-बारा टाकून चालायचं म्हणजे लेंगा खाली यायचा. तांबं महाग होत गेलं, लोकांनाही ही काळीकुट्ट जड नाणी नकोशी झाली, आणि फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने मोठा सेंट आणि अर्धा सेंट दोन्ही एकदम बंद. मे महिन्यात टाकसाळीच्या अंगणात लोकांनी रांगा लावून जुनं तांबं आणि स्पॅनिश चांदी देऊन नवे छोटे सेंट नेले. अमेरिकेत नाणी जमवायचं वेड खरं तेव्हापासून पसरलं म्हणतात, वस्तू बंद झाली की मग माणसाला तिची आठवण येते.

आता झिजलेलंच का घ्यायचं. पहिलं कारण पैसा, खोटं कशाला बोलू. १७९३ चा पहिला चेन सेंट, मागच्या बाजूला साखळीचं कडं असलेला, सगळे मिळून ३६,१०३ पाडले होते, तो पार सपाट झालेला असला तरी हजारो डॉलर मागतात. बाकीचे जुने सेंट चांगल्या अवस्थेत घ्यायचे तर घराचा हप्ता थांबवावा लागेल. आणि या डब्यात वीस डॉलरपासून साठपर्यंत, कधीकधी थोडं वर, हातात दोनशे वर्षांचं तांबं येतं.

दुसरं कारण मला नंतर कळलं. मी मूळचा साताऱ्याकडचा, पुण्यात कॉलेजला असताना रविवारी जुन्या बाजारात जाऊन शिवराई ही तांब्याची जुनी नाणी घ्यायचो. ज्यांनी शिवराई बघितलीय त्यांना माहितीये की साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हे पूर्ण कधीच सापडत नाही, कुठे 'छ' अर्धा तर कुठे नुसती वेलांटी, बाकीचं आपण ओळखायचं. ती सवय इथे जशीच्या तशी कामी येते. झिजलेला सेंट बघायचा नसतो, वाचायचा असतो. चकचकीत नाणं एका सेकंदात सगळं सांगून मोकळं होतं, हे बाबा एकेक अक्षर ओढून काढायला लावतात.

आणि वाचायला भरपूर आहे कारण तेव्हा साचे हाताने बनवायचे. प्रत्येक साच्यावर अक्षरं, पानं, फळं वेगवेगळी ठोकलेली, म्हणून एकाच सालाचे दोन साचे कधी जुळे नसतात. १८३६ मध्ये वाफेवरचा प्रेस येईपर्यंत सेंट माणसांनी स्क्रू प्रेस ओढून पाडलेत. एकट्या १७९४ चेच साठेक प्रकार निघतात, त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूला कडेने ९४ बारीक चांदण्या आहेत, त्या कोणी आणि कशाला ठोकल्या ते देव जाणे. या प्रकारांना नंबर दिले विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, १९४९ मध्ये. आज जगभर नाण्यांना जो १ ते ७० ग्रेड देतात तोही मुळात त्याने या मोठ्या सेंटसाठीच काढलेला, १ म्हणजे फक्त ओळखू येण्यापुरतं. (हाच गृहस्थ न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून तिथे आपली हलकी ठेवायचा हे तो गेल्यावर उघडकीला आलं. आपल्याकडे दुधात पाणी घालतात, त्याने नाण्यात नाणं घातलं.)

तर डबा. मालक डबा काउंटरवर ठेवतो, एक मखमलीचा ट्रे देतो, एक भिंग देतो आणि स्वतः पेपर वाचत बसतो, दोन तास बसा, काही म्हणत नाही, हे मला या दुकानाचं सगळ्यात आवडतं. दुसरीकडे काउंटरवाले आपल्या बोटांकडे असे बघतात की नकोच वाटतं. वजनकाटा मागितला की देतो. हे महत्त्वाचं, कारण आता जुन्या सेंटच्या नकलाही मुद्दाम घासून, काळ्या करून विकतात, आणि घासलेल्या नाण्यात नक्कल ओळखणं अवघडच. वजन, कड आणि साच्याच्या खुणा तिन्ही जुळल्याशिवाय मी खिशात हात घालत नाही. एकदाच ओरडला तो माझ्यावर, मी चष्म्यावर मारतो तशी नाण्यावर हाऽ करून वाफ मारली तेव्हा. थुंकीचा एक बारीक थेंब पडला तरी तांब्यावर कायमचा काळा ठिपका राहतो म्हणे. कडेला धर, तोंड लांब ठेव. बरं बाबा.

फक्त दुकानातला उजेड बेकार. वर ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. स्वतःचा टॉर्च न्या आणि आडवा धरा. झिजलेल्या तांब्यावर सरळ उजेड पाडला तर नुसतं सपाट तपकिरी दिसतं, तोच कडेने तिरपा पाडा, संध्याकाळच्या उन्हात नांगरलेल्या रानातल्या सऱ्या दिसायला लागतात ना, तशी अक्षरं वर येतात.

गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगतो. डब्यात एक ड्रेप्ड बस्ट सेंट, म्हणजे १७९६ ते १८०७ मधला, नाण्यावर स्वातंत्र्याची देवी म्हणून जी बाई असते तिच्या केसांना रिबीन आणि खांद्यावर वस्त्र. चेहरा म्हणजे नुसती सावली, 'लिबर्टी'तली मधली तीन अक्षरं आणि सालातलं '१८०' तेवढं दिसतं, पुढचा आकडा गायब. पाकिटावर लिहिलेलं '१८०-? फेअर', म्हणजे पार झिजलेला, आणि किंमत ३५. मी पाठ बघितली. मध्ये 'वन सेंट', भोवती पानांचं कडं, आणि खाली एक अपूर्णांक असतो, एक छेद शंभर, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. टॉर्च फिरवत फिरवत तो छेद बघतोय आणि शंभराचा एक काही दिसेना. एकाच्या जागी गोल. परत फिरवलं, गोलच. एक छेद शून्य शून्य शून्य! कारागिराने १०० ऐवजी ००० ठोकलेत. १८०१ आणि १८०२ च्या काही सेंटवर ही चूक आहे, मला माहीत होतं, पण स्वतःच्या हातात सापडणं वेगळं, माझे हातच थरथरायला लागले.

मग लालसा सुटली. १८०१ चा एक साचा असा आहे की त्यात एकाच वेळी तीन चुका, अपूर्णांक ०००, 'युनायटेड'चा यू असा बिघडलेला की दोन उभ्या रेघा दिसतात, आणि पानांच्या कड्याला खाली दोन देठ असायला हवेत तिथे एकच. असल्या झिजलेल्या नाण्यात यू बघण्यात अर्थ नव्हता, तो भाग पार गेलेला. म्हणून देठ. उजवा होता. डाव्या जागी बघतोय, काहीच नाही, काहीच नाही, छातीत धडधड, आणि मग टॉर्च जरा खाली नेला तर आला की बारीक, केसाएवढा, डावा देठ. हात तेरी. तीन चुकांचा नव्हता, एकाच चुकीचा होता. तरी ३५ ला सोडणार थोडाच. घरी येऊन पोराला दाखवला, नववीत आहे, तो म्हणतो, "बाबा, हे डिव्हाइड बाय झिरो आहे, याची व्हॅल्यूच डिफाइन होत नाही." बायको आतून म्हणाली, "पस्तीस डॉलर, मी सांगते डिफाइन करून."

डब्यात ऐवज म्हणाल तर सगळ्यात जास्त १८१६ नंतरचे, कोरोनेट आणि ब्रेडेड हेअर या चेहऱ्यांचे, ते वीस-बावीसला मिळतात, मुलांना भेट द्यायला उत्तम. क्लासिक हेड, म्हणजे १८०८ ते १८१४, यांचं तांबं मऊ, त्यामुळे हे लवकर झिजलेत आणि बहुतेक काळे खडबडीत, मला नाही आवडत. १८१५ चा शोधत बसू नका, त्या सालाचा सेंटच नाही. इंग्लंडशी युद्ध लागलं आणि कोऱ्या चकत्या यायच्या बंद झाल्या. कारण चकत्या इंग्लंडहून, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यातून यायच्या. आता गंमत बघा, या बोल्टनच्याच सोहो टाकसाळीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ पासून तांब्याचे पैसे पाडले, ते तराजूवाले, खाली फारसीत 'अदल' लिहिलेले. म्हणजे एकाच कारखान्यातलं तांबं एका बोटीने मुंबईला आणि दुसऱ्या बोटीने फिलाडेल्फियाला. माझ्याकडे दोन्ही आहेत, शेजारी ठेवलेत.

बाकी भोकं पाडलेले, खिळ्याने नावं कोरलेले, दुकानदारांनी जाहिरातीसाठी स्वतःचे शिक्के मारलेले असेही निघतात. एकाच्या कडेला करवतीसारखे दाते पाडलेत, मालक म्हणाला पोरांनी दोरा ओवून भिरभिरं केलं असणार. आपल्याकडे बिल्ल्याचं करतात तेच!

आता मालकाचं ज्ञान. माणूस तांब्यात मुरलेला आहे, विचारलं तर मोकळेपणाने सांगतो. १८०४ चा सेंट दुर्मिळ, म्हणून दुसऱ्या सालांचे आकडे कोरून १८०४ करतात. त्याने मला एक युक्ती शिकवली, खऱ्या १८०४ मध्ये पुढच्या बाजूचं सालातलं शून्य आणि मागच्या बाजूचा 'ऑफ'मधला ओ हे समोरासमोर येतात, कड चिमटीत धरून नाणं उलटं केलं की कळतं. १७९९ तर त्याहून दुर्मिळ. डब्यात एक '१७९९' पंचवीस डॉलरला पडला होता, मला घामच फुटला, मी काही न बोलता तो बाजूला सरकवला तर हा पेपरातून मान वर न करता म्हणतो, तो १७९८ आहे, आठाचा नऊ केलाय कोणीतरी, म्हणून पंचवीस. प्रामाणिकपणाचे पूर्ण मार्क.

पण.

पाकिटांवरच्या ग्रेडवर अजिबात विश्वास ठेवू नका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाण्यांच्या जगात 'गुड' म्हणजे वाईट. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'बरा' शेरा असायचा तसं, आई-बाप ओळखायचे. गुड म्हणजे ४, त्याखाली अबाउट गुड ३, फेअर २, पुअर १. हा माणूस फेअरला गुड लिहितो, गुडला व्हेरी गुड, आणि पृष्ठभाग मुंग्यांनी खाल्ल्यासारखा असला तरी त्याबद्दल चकार शब्द नाही. जुन्या तांब्यावाल्यांचा अर्ली अमेरिकन कॉपर्स म्हणून एक क्लब आहे, १९६७ पासूनचा, त्यांची पद्धत बरोबर उलटी, आधी झीज बघून ग्रेड आणि मग गंज, ठोके, ओरखडे यांचे मार्क कापायचे. मी त्या हिशोबाने बघतो आणि पाकिटावरच्या ग्रेडमधून एक पायरी वजा करतो, कधी दोन.

दुसरी मोठी तक्रार पाकिटांचीच. मऊ, चमकदार प्लास्टिकची आहेत, जुनी, वास येतो त्यांना. हे प्लास्टिक तांब्याला लागून लागून चिकट हिरवा ओलसर थर सोडतं. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं तर कळकतं ना, तसं समजा. मी पहिल्या वर्षी घेतलेले चार सेंट त्याच पाकिटात ड्रॉवरमध्ये टाकले, उन्हाळ्यात बघितले तर दोघांवर शेवाळ्यासारखी साय. झायलीनमध्ये बुडवून, लाकडी दातकोरण्याने हळूहळू काढली, एक वाचला, दुसऱ्याला खाली खड्डे पडले ते पडलेच. त्याला सांगितलं तर म्हणे घरी गेल्या गेल्या पाकीट बदलायचं. अरे मग विकतानाच बदल ना, पंचवीस सेंटचं कागदी पाकीट! आता मी बरोबर कागदी पाकिटं आणि आत घालायची सुती पिशवी घेऊन जातो आणि काउंटरवरच बदलतो, त्याने वाईट वाटून घेतलं नाही.

तिसरी, एकदा मला मस्त चॉकलेटी रंगाचा १८२० दिला पन्नासला. घरी उन्हात बघितला तर अक्षरांच्या खाचांमध्ये नारिंगी. कोणीतरी घासून चकचकीत केलेला, मग केमिकलने परत तपकिरी केलेला. परत घेऊन गेलो तर पहिल्यांदा नाही म्हणाला, दुसऱ्या खेपेला घेतला पण रोख नाही, दुकानात क्रेडिट. म्हणजे माझ्या एका नाण्यासाठी दोनदा टोल आणि पेट्रोल. हे मला खटकलंय आणि अजून खटकतं.

घासण्यावरून आठवलं, यात त्याची काही चूक नाही पण सांगतोच. माझा लाडका १८३८ चा सेंट होता, पार गुळगुळीत, पण रंग असा की जुन्या देव्हाऱ्याचं लाकूड. आई सहा महिन्यांसाठी आलेली. पाडव्याच्या आदल्या दिवशी गुढीवरचा तांब्या चिंच-मीठ लावून घासला तिने, आणि टेबलावरचं नाणंही. "अरे, किती काळं पडलं होतं, बघ आता कसं लख्ख झालं." लख्ख म्हणजे गुलाबी. मी तिला काय बोलणार, हसलो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. पुढच्या खेपेला म्हाताऱ्याला दाखवला. त्याने बराच वेळ बघितला, विचारलं, कोणी? म्हटलं आई. तो म्हणाला, माझ्या आईने केचप लावलं होतं, १७९८ च्या सेंटला. मग दोघंही हसलो. कागदात गुंडाळून दहा-वीस वर्षं ठेव, तपकिरी होईल, पण पहिल्यासारखा नाही, एवढंच म्हणाला. ठेवलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.

ऑनलाइन लिलावाशी तुलना करायची तर तिथे रेट थोडा कमी पडतो कधीकधी, पण फोटोत झिजलेलं नाणं वाचता येत नाही, आणि टपालखर्च धरला तर वीस डॉलरच्या नाण्यात काही राहत नाही. पन्नासच्या आत फक्त रोख. दुकान बुधवार ते शनिवार, शनिवारी दोनलाच बंद. पार्किंग मागे. फिलाडेल्फियात जाताच आहात तर टाकसाळही बघून या, फुकट आहे, पण १७९२ ची पहिली टाकसाळ सेव्हन्थ स्ट्रीटवर होती ती बघायला मिळणार नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाडून टाकली.

रेटिंग म्हणाल तर डब्याला पाचपैकी साडेचार, पाकिटांना शून्य, मालकाला चार, क्रेडिटच्या भानगडीमुळे एक कापला.

सध्या आमचं एका अर्ध्या सेंटवर अडलंय. १७९७ चा, फेअर, काळपट. तेव्हा टाकसाळीत तांब्याची इतकी मारामार होती की न्यूयॉर्कच्या टॅलबट, ॲलम अँड ली या व्यापाऱ्यांचे तांब्याचे टोकन विकत घेऊन, ते कापून त्यांतून अर्ध्या सेंटसाठी चकत्या केल्या. हे व्यापारी कुठे धंदा करायचे, तर हिंदुस्थानशी! टोकनवर जहाज होतं, आणि काही अर्ध्या सेंटवर खालचं ते जुनं चित्र अजून पुसट दिसतं. या नाण्यावर बाईच्या गळ्याजवळ एक तिरपी रेघ आहे. म्हातारा म्हणतो जहाजाचा दोर, १७५ डॉलर. मी म्हणतो ओरखडा, १३०. तीन शनिवार झाले, तो डब्यातून काढून गल्ल्यात ठेवलाय त्याने माझ्यासाठी. मागच्या वेळी निघताना टॉर्च मारून परत एकदा बघितलं, रेघेला मध्येच एक गाठ असल्यासारखं दिसलं. त्याला नाही सांगितलं मी.